त्याच घराण्यातला वायू

नाव विचारलं, तर डॉक्टर आरवाडे म्हणाले, नायट्रिक ऑक्साइड.
मी दोन पावलं मागं सरलो.
नायट्रिक म्हणजे आमचं तेजाब, साहेब.
सेलमच्या गाळ्यात बारा वर्षं त्याचा तांबूस धूर
छातीत घेऊन मी लोकांचं सोनं गाळलंय.
माझ्या खोकल्याला विट्यात सगळे ओळखतात.

ते म्हणाले, घराणं तेच, स्वभाव वेगळा.
ह्याला रंग नाही. आणि देतो किती?
दहा लाखांत वीस भाग.

आम्ही कस हजारात बघतो.
एवढ्याशानं काय वितळणार?

बाळ जन्मलं, पण त्याच्या रक्ताला अजून कळलेलं नाही,
असं काहीतरी सांगितलं त्यांनी.
ते अजून पोटातल्याच वाटेनं चाललंय.
फुप्फुसाशी येतं, दार आवळलेलं बघून
आडवाटेनं निघून जातं.
आत प्राणवायू शंभर टक्के भरलेला,
न्यायला कोणी येत नाही.

कोपरापर्यंत हात धुवायला लावले.
नखांचा पिवळेपणा काही जाईना.
शमीम सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, चालेल.

पायाच्या पट्टीवर लिहिलेलं : बेबी ऑफ वैजंता.
वैजंता विट्यात, ओल्या टाक्यांनिशी,
दर तासाला फोन करून एकच विचारते,
रंग कसा आहे?

रंग बघण्यावर माझं पोट.
मुशीत डोकावून सांगतो, हीण किती.
काचेतून बघितलं आणि म्हणालो, बरा आहे.
काळवंडलेल्या चांदीचा होता.

उजव्या हाताला एक लाल दिवा, पायाला एक.
हात चौऱ्याण्णव, पाय एकोणऐंशी.
एकाच लेकराचे दोन भाव.
हे आकडे जवळ आले की समजा, सिस्टर म्हणाल्या.
काय समजायचं, ते सांगितलं नाही.

रात्री दोनला सिलिंडर बदलला.
बाहेर सांगलीतली कुत्री भुंकत होती.
पहाटे हात शहाण्णव,
पाय नव्वद.

तिसऱ्या दिवशी उतरवायला घेतलं. वीस, दहा, पाच,
मग एकेक करून.
एकदम काढला तर दार पुन्हा आवळतं, म्हणाले.
हे मात्र मला न शिकवता कळलं.
तापलेली मूस एकदम गार केली की तडकते.

फोन वाजला. रंग कसा आहे?
मी वाकून बघितलं.
लाल, म्हणालो.
नीट बघितलंत?
दोनदा.
मग खोकला आला, म्हणून फोन लांब धरला.