शिक्क्याचं वजन

लिमाहून पत्र आलं, पाच प्रतींत:
आपल्या वन-कार्यालयाची कार्बन-पाऊलखूण
मोजून त्वरित कळवावी.
मी खिडकीतून उकायालीकडे पाहिलं.
पाण्यावर कधी पाऊल उमटतं?

तरी नोकरी ती नोकरी.
आवक-जावक वही काढली, वाळवीनं कोपरे खाल्लेली,
आणि नमुन्यादाखल एकच फाइल निवडली.
अर्जदार: डेल्मिरा सिनुइरी, शिपिबो वस्ती.
कारण: शाळेची तक्तपोशी कुजली आहे,
पोरांचे पाय फळ्यांतून खाली जातात.
मागणी: एक झाड. शिवावाको.

पहिली फेरी अर्ज द्यायला.
दोन दिवस प्रवाहाबरोबर खाली, तीन दिवस वर.
दुसरी: नकाशा जोडलेला नव्हता.
तिसरी: नकाशा होता,
पण वस्तीचा शिक्का निळा हवा, तो जांभळा उठला होता.
चौथी: साहेब पुकाल्पाला, प्रशिक्षणाला.
विषय, वनसंवर्धन.
पाचवी माझ्यामुळे.
हे इथं लिहितो, लिमाला कळवलं नाही.
मी जेवत होतो. म्हणालो, उद्या या.
उद्या शनिवार होता.

नावाडी एर्मोहेनेस पेट्रोलच्या प्रत्येक डब्यामागे
होडीच्या आतल्या अंगाला चुन्याची रेघ ओढतो.
मी वाकून मोजल्या.
दोनशे वीस लिटर.
मग आमची पाहणी:
साठ अश्वशक्तीची लाँच, चार माणसं, एक फोटो.
मग फाइल विमानानं लिमाला, सहीसाठी,
आणि विमानानंच परत,
कारण सही चुकीच्या रकान्यात पडली होती.
शिवाय कागदांची खोली.
दमट हवा कागदांना सोसत नाही,
म्हणून तिथं रात्रंदिवस गार वारा,
आणि आम्ही व्हरांड्यात घाम पुसत.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि कोंबडी अजून शिजलेलीच नाही:
झाड तिथंच उभं होतं,
आम्ही सोडलेला धूर पानांनी पीत.

डेल्मिरा सहाव्यांदा आली तेव्हा
मी तिला बाक दिला, पाणी दिलं.
तिनं टेबलावरचा शिक्का उचलला,
तळहातावर तोलून पाहिला, लिंबू तोलावं तसा.
म्हणाली,
“हलका तर आहे.
मग याच्यासाठी येताना होडी एवढी खोल का बुडते?”

त्या रात्री मी उत्तर लिहिलं. एकाच प्रतीत.
अर्ज वस्तीच्या रेडिओवरून घ्यावेत.
नकाशा एकदा काढावा, दर झाडासाठी नव्हे.
दवाखान्याची बोट महिन्याच्या दर दुसऱ्या मंगळवारी
वर जातेच, लस घेऊन;
तिच्यात एक माणूस आणि एक शिक्का सहज मावतो.
आश्चर्य म्हणजे, मान्य झालं.
(मान्यतेचं पत्र पाच प्रतींत आलं.)

आता मीच जातो,
लशीच्या पेटीला टेकून, शिक्का खिशात.
शाळेच्या नव्या तक्तपोशीवर बसून सह्या घेतो.
पोरं मुद्दाम उड्या मारतात, आवाज ऐकवायला.
वर्षाचा तक्ता भरला: पेट्रोल इतकं कमी, विमान शून्य,
कागदांच्या खोलीची खिडकी उघडी.
एर्मोहेनेसची मोटर विकायला आहे,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळलं नाही.
पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलंय.

परवा डेल्मिरा आली. वल्ही मारत, मोटरीशिवाय.
मी घाबरलो. विचारलं, काय राहिलं?
काही नाही, म्हणाली.
सहा फेऱ्या केल्या या दाराशी,
एकदा विनाकाम येऊन बघावं म्हटलं
कसं वाटतं ते.
बाकावर बसली. नदीकडे पाहत राहिली.
मी जेवत होतो.
अर्धा मासा तिच्या पानात वाढला.