प्रश्न चौथा, अ

ज्वालामुखीचे फायदे आणि तोटे लिहा. गुण पाच.
प्रश्न मीच काढला होता, रविवारी, कांदा चिरता चिरता,
गाइडात पाहून.

तुर्भे स्टोअरच्या मागे आमची शाळा, शाळेमागे डोंगर,
म्हणजे डोंगराचं जे उरलं होतं ते,
कुणी चावून ठेवलेल्या भाकरीसारखं.
खदाणी बंद व्हायच्या आधीचं वर्ष.
दुपारी दोनला लाल बावटा, मग भोंगा,
मग सहावी ब एकदम वहीवर तळहात ठेवी,
आणि बाकाच्या पायांतून ठोका वर येई.
"बाई, आज तीन लागले," मागचा बाक मोजून सांगे.

चाळीस पेपर. बहुतेकांत तेच.
तोटे: राख, लाव्हा, जीवितहानी.
फायदे: काळी माती, खनिजे, गरम झरे, पर्यटन.
काहींनी पर्यटन सगळ्यात वर लिहिलेलं.

मग रेणव्वा विटकर. पटावर रेणुका.
शुद्धलेखन मी सुधारलंय, बाकी तिचंच:

फायदे. आमचं घर.
घरातलं सगळंच. पातेली, टीव्ही, दादाची सायकल.
ज्वालामुखी नसता तर काळा दगड नसता
आणि आम्ही अक्कलकोटकडेच राहिलो असतो.
पाम बीचचा रस्ता ज्वालामुखीचा आहे.
बाई, तुमची बिल्डिंग पण.
सेक्टर माहीत नाही, पण असणार.

दुसरा फायदा. दगडात कधी कधी पोकळी लागते.
आत पांढरी फुलं असतात, दगडाचीच. हिरवट पण असतात.
पप्पा म्हणतो, लाव्ह्याने ढेकर दिला ती हवा आत अडकली.
शेठ येऊन नेतो, दोनशे देतो.
एक माझ्या दप्तरात आहे. चोरलेलं नाही, फुटकं आहे.

तोटे. धूळ.
डाळीवर ताट झाकलं तरी आत येते.
पप्पा रात्री बसून झोपतो.
डॉक्टरने फोटो उजेडाला धरला,
छातीत बारीक चांदणं पडलेलं होतं.
अकलोलीच्या गरम कुंडात नेलं. तिथे बरं वाटलं,
घरी आल्यावर नाही.
कुंड फायद्यात लिहू की तोट्यात कळलं नाही,
म्हणून मध्ये लिहिलं.

खरंच मध्ये होतं. रेघेवर.

लाल पेन उघडून मी बराच वेळ बसले.
कुंडाचं पाणी ज्वालामुखीचं नाही गं,
खोल भेगांतून तापून येतं, असं समासात लिहायला हवं होतं.
हेही, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा इथे पसरला
तेव्हा माणूस नावाचं काही नव्हतंच,
सबब जीवितहानी शून्य.
पुस्तकातला लाव्हा पायाने पळता येईल इतक्या दुरून येतो,
लाल असतो, दिसतो.
हा थंड होऊन, खडी होऊन, पिठासारखा चाळून,
घोटाघोटाने आत जाणारा,
कुठल्या धड्याखाली घ्यायचा?

मी तीन दिले.
मुद्द्यांना क्रमांक नव्हते.

फूल दाखव म्हटलं, तर म्हणाली,
शेठने फुटकंसुद्धा घेतलं. पन्नासला.

पुढच्या वर्षी खदाणी बंद झाल्या.
खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ.
फळ्यावरचा खडू तेवढा उडायचा.
पट निम्मा झाला.
विटकर उलव्याला गेले म्हणे,
तिथे विमानतळासाठी अख्खा डोंगर उतरवायचा होता,
सुरुंग भरणारी जुनी माणसं हवी होती.
पप्पा गेला का त्यांच्यासोबत, कुणाला विचारलं नाही.

आता डोंगरावर गवत आलंय. शिड्यांसारखे कापलेले थर,
प्रत्येक थर एकेक उद्रेक, मी मुलांना बोटाने दाखवते.
नवी मुलं आहेत, त्यांना भोंगा माहीत नाही.
दोन वाजतात. कुणी मान वर करत नाही.
मी एकटीच टेबलावरच्या पेपरांवर
हात ठेवते.