कलम एकोणीस

वार्षिक गावसभा, मार्च, शाळेची व्यायामशाळा.
बास्केटबॉलच्या जाळीखाली घडीच्या खुर्च्या,
बुटांखाली वितळलेल्या बर्फाची थारोळी.
माझं काम हात मोजण्याचं. डावीकडच्या चार रांगा.
मोजणाऱ्यानं मत मांडू नये असा इथला रिवाज,
म्हणून हे घरी येऊन लिहितो आहे.

अठरा कलमं झाली: बर्फ ढकलायचा ट्रक,
ग्रंथालयाचा बॉयलर, कुत्र्यांचे परवाने.
मग एकोणीस.
जतननिधीतून दोन लाख चाळीस हजार डॉलर
बंदररस्त्यावरच्या सभागृहाला द्यावेत का?

अझोर्स बेटांवरून आलेल्या मच्छीमारांनी ते बांधलं,
एकोणीसशे अकरा साली,
फुटलेल्या गलबताच्या फळ्यांतून, असं सगळे सांगतात.
वास्तुतज्ज्ञ बाईंनी कागद धुंडाळले तर
फळ्या वखारीतल्याच निघाल्या, पावतीसकट.
सभेत हशा पिकला.
अँसेल्मो फुर्तादो हसला नाही.
आजोबांनी त्याला ते गलबत नावानिशी सांगितलं होतं.

निधीचा नियम सरळ:
जुनं असेल ते जपू,
नुसतं मोडकं असेल तर तुमचं तुम्ही पाहा.
बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली.
खिडक्या मूळच्या. पात्र.
छपरावरच्या देवदारी चिपा. पात्र.
स्वयंपाकघर बासष्ट सालचं.
अपात्र.

आता गंमत अशी, की त्या खिडक्या
माझ्या आठवणीत कुणी उघडलेल्या नाहीत,
रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून बसल्यात.
आणि त्या अपात्र स्वयंपाकघरात
दर जूनला नव्वद लिटरच्या पातेल्यात सार रटरटतं,
शिळ्या पावावर पुदिन्याची काडी, वर वाफाळता रस्सा,
दाराशी येईल त्याला फुकट,
नाव विचारायचं नाही.
कारखाना बंद पडला त्या वर्षी
बाबांबरोबर मी तीनदा रांगेत उभा राहिलो.
तिसऱ्या वेळी वाढणारीनं, काही न बोलता,
मोठा वाडगा घेतला.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

थर्झा बिक्नेल उठली. वय एक्याऐंशी, हातात कराचं बिल.
माझा ओटा कुजलाय, म्हणाली, दुसरी पायरी गेलीय,
माझं घर त्यांच्या हॉलपेक्षा साठ वर्षांनी जुनं.
माझ्याकडे आली का कुठली समिती पडदा घेऊन?
आपलं घरचं झालं थोडं,
त्यात हे व्याह्यानं धाडलेलं घोडं!
टाळ्या पडल्या. तिचं खोटं नव्हतं.
मीही वाजवल्या असत्या, पण हातात पेन्सिल होती.

अँसेल्मोनं माइक घेतला, फुंकून पाहिला.
आम्ही अकरा जण उरलोय, म्हणाला.
पातेलं उचलायला चार लागतात.
मग बराच वेळ तो तसाच उभा,
आणि खाली बसला.
हे बाजूनं होतं की विरुद्ध,
कुणालाच कळलं नाही.

बाजूनं कोण? पिवळी कार्डं वर.
विरुद्ध कोण? पुन्हा पिवळी कार्डं वर.
तिसऱ्या रांगेत देल्मिरा क्वारेज्माचं कार्ड
दोन्ही वेळा वर.
मी वाकून विचारलं, काकू, नक्की काय?
छपराला हो, म्हणाली, खिडक्यांना नाही.
वारा आत येऊन काय करणार, माणसं येऊ देत.
माझ्या कागदावर दोनच चौकोन.
तिला कुठे मोजलं ते सांगणार नाही.
ठराव नऊ मतांनी मंजूर झाला,
म्हणजे माझ्या पापानं काही बिघडलं नाही.

लगेच वीस: सांडपाण्याचे पाइप.
अर्धी सभा कोट चढवून उठली.

बाहेर धुकं, पायऱ्यांवर अजून बर्फाचे टवके.
थर्झानं माझं कोपर धरलं, एकेक पायरी उतरली.
गाडीच्या दाराशी थांबून म्हणाली,
जूनमध्ये सार असेल ना रे त्यांचं?
असेल, म्हटलं,
चौथा माणूस मिळाला तर.