दहावं नाणं

मिस्सा साडेआठला संपते.
पावणेनऊला मरोळ गावठाणातल्या चर्चच्या मागचा हॉल
चौदा पोरांचा होतो.
कालच्या लग्नाच्या खुर्च्या अजून भिंतीला टेकून,
एक फुगा छताला,
कुणाचा हात पोचला नाही म्हणून वाचलेला.

आजचं शुभवर्तमान :
एका बाईची दहा नाणी, त्यातलं एक हरवतं.
ती दिवा लावते, घर झाडते, शोधते.
‘ऐकलंत ना मघाशी?’ मी विचारलं,
आणि डोक्यावरून विमान गेलं.
विमान आलं की आमचे फादरसुद्धा प्रवचन थांबवतात,
तिथे मी कोण लागून गेले.
आवाज विरल्यावर बेनिटा म्हणाली,
‘ऐकलं टीचर, पण तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होते.’

मला माहीत होतंच.
म्हणून शनिवारी रात्री येऊन
रुपया रुपया लपवून ठेवला होता :
पेटीच्या भात्याखाली,
गव्हाणीच्या खोक्यात, जिथे वर्षभर मेंढ्या उताण्या झोपतात,
संत अंतोनीच्या पायाशी,
हरवलेल्या चाव्यांसाठी ज्याला आपण इतकं छळतो.
‘चला, आज सगळे ती बाई व्हा.’

लिएंडरनं माझी ओढणी डोक्यावर घेतली.
कुणीतरी हसलं.
मग ओढणी सगळ्यांनाच हवी झाली.
दोन झाडू, एक सुपली, विझत चाललेला एक टॉर्च,
चौदा बाया गुडघ्यांवर.

नऊ सापडली अकरा मिनिटांत.
दहावं सापडेना.
सापडले रोझरीचे चार मणी,
हाउझीचं एक तिकीट, दोनच आकडे खोडलेलं,
आणि एक दुधाचा दात,
ज्यावर दोघांनी हक्क सांगितला.

डॅरिल झाडत नव्हता. हात पाठीमागे बांधून उभा.
‘टीचर, नाणं मिळालं म्हणून तिनं शेजारणींना बोलावलं ना?
मग चहा केला असणार.
खायलाही काहीतरी दिलं असणार.
मग खर्च नाण्यापेक्षा जास्त नाही झाला?’

आठवडाभर मी खोक्यांच्या कारखान्यात
जमा आणि खर्च एकमेकांशी जुळवत बसते.
पैशाचा फरक पडला तर रात्री झोप येत नाही.
मी म्हटलं, ‘पुढच्या रविवारी सांगते.’
मोठी माणसं असंच म्हणतात.

रात्री औषधाच्या दुकानात सुट्टे शोधताना
पर्सच्या फाटक्या अस्तरात बोटाला लागलं
गोल, थंडगार.
मी ते लपवलंच नव्हतं.
मोजताना चुकले होते,
आणि चौदा पोरं त्या हॉलची फरशी
माझ्या खांद्याला लटकलेल्या रुपयासाठी झाडत होती.

साडेनऊ वाजले होते.
पाय घराकडे वळेनात.
आधी बेनिटाचं दार. ती गाउनमध्ये, केसांना तेल.
‘काय गो, इतक्या रात्री?’ तिची आई.
‘सापडलं,’ मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.
मग लिएंडर, मग गल्लीच्या टोकाची जुळी,
कुणी तोंडात ब्रश धरून आलं,
कुणाच्या हातात अजून गणिताची वही.

डॅरिलच्या आईनं उद्याच्या ऑर्डरचे फुगे तळायला घेतलेच होते.
छताचे नाहीत, पिठाचे :
कढईत टाकले की स्वतःच वळतात कुशीवर.
चाळीस फुगे, एकशे साठ रुपये.
तिनं पैसे मोजून घेतले. धंदा आहे.

खुरसाच्या पायरीवर रुपया ठेवला, मेणबत्तीजवळ.
पोरांनी तो आळीपाळीनं हातात घेऊन पाहिला,
जणू याआधी रुपया पाहिलाच नव्हता.

डॅरिलनं जुळ्यांची वही ओढून घेतली.
एका बाजूला लिहिलं एक,
दुसऱ्या बाजूला एकशे साठ.
पेन्सिल चावत बराच वेळ बघत राहिला.
वरून विमान गेलं, आम्ही सगळे थांबलो.
मग तो म्हणाला,
‘टीचर, टोटल जुळत नाही.’

‘नाही जुळत,’ मी म्हटलं,
‘गरम आहे तोवर खा.’