कडता

सर्व्हेवाल्या पोरानं विचारलं, "ताई, व्यवसाय काय लिहू?"
म्हटलं, काटा.
"काटा म्हणजे?"
काटाच. बसथांब्यामागचं टिनाचं शेड,
आत पाचशे किलोचा इलेक्ट्रॉनिक,
लाईट गेली की साखळीचा जुना.
त्याच्याजवळ मी सतरा वर्षं उभी आहे.

आधी इथं कडता होता.
क्विंटलमागं दोन किलो. बारदान्याचे, मातीचे,
एकदा तर ओलाव्याचे, भर एप्रिलात.
आई पोतं उतरवायची आणि काट्याकडं बघायची नाही,
जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघू नये तसं.

आम्ही एकोणीस बायका. पहिला ठराव एका ओळीचा:
कडता बंद.
दुसऱ्याला दोन वर्षं लागली, भाव कुणी ठरवायचा.
तिसऱ्याचं भांडण अजून चालू आहे,
गुरुवारी पुन्हा बसणार.

मग परवा पंचफुलाबाई आत्राम तूर घेऊन आली.
मीटरनं ओल दाखवली चौदा.
घ्यायची बारापर्यंत, हेही आमचंच.
"बारा लिही न माय," ती म्हणाली,
"तुले मी वावरात बसवून सोले चारले."
चारले होते. अजून जिभेवर आहेत.
पण बारा लिहिलं की ती ओल
डाळ मिलच्या ढिगात शिरणार,
कुंतीच्या, बेबीबाईच्या तुरीला बुरशी लावणार,
आणि कुणाच्या तरी वरणाला वास.

ताडपत्री पसरली.
दोघी उकिडव्या बसून तूर परतत राहिलो.
चार वाजेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.
चारला बारा पॉइंट चार.
ती पोत्यावर डोकं ठेवून तिथंच निजली,
मी घरून भाकर आणि जवसाची चटणी आणली, ती खाल्ली,
तेव्हाही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला भरली. वजन केलं.
तीन किलो कमी.
"हाच का तुहा कडता?"
म्हटलं, उन्हानं घेतला, मावशी.
"मंग उन्हाले पावती मांग,"
असं म्हणून हसली, पण अर्धीच.
पावतीवरचे आकडे तिनं अंगठ्यानं एकेक दाबून पाहिले.

ती गेल्यावर ताडपत्री झटकली.
घडीत सात दाणे अडकले होते.
तिच्या पोत्याची शिवण सोडून आत टाकले.
काटा हलला नाही.