उणे ऐंशी

एर्झुरुममध्ये फेब्रुवारी.
बाहेर उणे सव्वीस, फ्रीझरमध्ये उणे ऐंशी
आणि माझ्या तळहातावर दोन नळ्या,
अजून कोमट.

एक्केचाळीस: पेरिहानचा मुलगा, चार किलो तीनशे.
बेचाळीस: हाजेरची मुलगी, एक किलो नऊशे साठ,
दिवस पुरते भरूनही.
गुलिझार सुईण चिमटा लावते, नाळ कापते,
वारेकडच्या तुकड्यातून रक्त काढून देते.
रडणं आईच्या वाट्याला, रक्त माझ्या.

यंत्र गरगरतं. लाल खाली बसतं,
वर उरतं ते फिक्या चहासारखं.
त्यात चरबीचं बोलणं असतं.

शाळेत शिकले होते, चरबी म्हणजे कोठार:
हिवाळ्याची बेगमी, मुकी, आळशी.
आता बावीस वर्षं तिची पत्रं फोडते आहे.
लेप्टिनच्या पत्रात एकच ओळ: भरलं, आता पुरे.
अडिपोनेक्टिनची लांबलचक:
साखर दाराशी आली आहे, आत घ्या,
बर्फात उभी करू नका.
थाप इन्सुलिन मारतं;
पण कडी सैल की गंजलेली
हे बहुधा या पत्रांवरून ठरतं.

थोरामोठ्यांत अंगावर मेद चढत गेला
की ही दुसरी पत्रं येईनाशी होतात.
माझ्या भावाचं रक्त मी स्वतः तपासलंय.
बाळांचं निराळं.
नवा मेद हात राखून लिहीत नाही,
जेवढं बाळसं तेवढी शाई.

म्हणून एक्केचाळीसचा खळगा गर्द पिवळा झाला
आणि बेचाळीसचा
जेमतेम,
खिडकीच्या काचेवर कुणी फुंकर मारावी तेवढा.

तरी तिचं दार सताड उघडं.
इन्सुलिन चिमूटभर, साखर थोडी,
हलक्या टकटकीला पेशी ओ देतात.
टंचाईत वाढलेलं घर,
येईल त्याला आत घेणारं.

दुपारी हाजेरची जाऊ आली,
थर्मासभर तांबडं बाळंतसरबत घेऊन,
लवंगा घातलेलं, घशाला चिकटणारं.
मलाही पेला दिला. म्हणाली,
उन्हाळ्यापर्यंत हिला अशी करू
की उचलताना दम लागेल.
सगळे हसले. मीही.
सबिहा डॉक्टर तेवढ्या म्हणाल्या, सावकाश.
सरबताच्या गडबडीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मी तोर्तुमच्या वरच्या गावची.
वाट बर्फानं बंद असताना जन्मले,
बाबांच्या टोपीत मावले म्हणतात.
मग लोणी, मग साय, मग तुतीचा काकवीसारखा पाक,
वर्षाच्या आत शेजारणी गाल ओढायला लागल्या.
दृष्ट लागेल म्हणून निळा मणी टाचला.
दृष्ट लागली नाही.
चाळिशीला गोळ्या लागल्या, सकाळी एक, रात्री एक.
आमच्याकडे साखरेचा खडा दाताखाली धरून
चहा पितात. मी खडा खिशात ठेवते,
पेला संपेपर्यंत बोटांनी चाचपत.

याला पुरावा म्हणत नाहीत, ठाऊक आहे.
एका बाईचं बालपण ही नोंद
कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पाळी संपल्यावर उगाच वॉर्डात गेले.
हाजेर पाजत होती.
मुलीनं चार घोट घेतले, पाचवा घेतला
आणि तोंड सोडून दिलं.
ओठावर दूध, मुठी उघड्या.
हाजेरनं स्तन पुन्हा लावला,
गालाला बोट लावलं, टाळूवर फुंकर घातली.
पोरगी वळेना.

आतून कुणीतरी तिला पुरे म्हणालं होतं.
कोण, ते मी सांगू शकले नसते.
त्याचं नाव माझ्या नळीत
जेमतेम सापडलं होतं.

हाजेरनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लावू का, अशा नजरेनं.
मी पांढऱ्या कोटातली, मला माहीत असणार.
खिशातला खडा घामानं चिकट झाला होता.
म्हटलं, थांब थोडी.
तिलाच विचार.