पावलंच तर आहेत

निहार सबनीसचा फोन येतो तेव्हा
मी शेवग्याची शेंग हातात धरून असते
माइकपासून वीतभर अंतरावर.
मालिकेतल्या थोरल्या दिराचं मनगट
दुपारच्या आत मोडायला हवं.

"ताई, बारा मिनिटांचीच फिल्म आहे.
संवाद जवळजवळ नाहीतच.
पावलंच तर आहेत.
बजेट संपलंय, पण तुमचं नाव
एकटीचं येईल, पूर्ण पडद्यावर."

नाव.
अठरा वर्षं ते इतक्या वेगानं वर सरकलंय
की सख्ख्या भावालाही कधी वाचता आलं नाही.
आता थांबणार म्हणे, तीन सेकंद.

पावलं एका नर्सची.
रात्रपाळी संपवून माझगावात
चौथ्या मजल्यावर चढते, एवढंच.
जिना लाकडी. बूट पांढरे,
उजव्याचा सोल सुटत आलेला.

मी हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.
आणि दुसऱ्या पहाटे नायरच्या फाटकासमोर
डोळे मिटून उभी,
कारण बघितलं की नीट ऐकू येत नाही.
चहावाल्याला वाटलं, आत कुणी गेलं माझं.
त्यानं पैसे घेतले नाहीत.

तीन पहाटे.
तिसऱ्या पहाटे कळलं:
दमलेलं माणूस पाय आपटत नाही,
फरफटतही नाही.
टाच टेकायला जरा उशीर करतं.
डोळ्याचं पातं लवावं, इतकाच.

मग चोरबाजार.
एकेक बूट फरशीवर वाजवून पाहिला.
दुकानदार म्हणाला, "पहनने के हैं या बजाने के?"
एकशेचाळीस रुपये. त्याची पावती आहे.

रात्री अभ्युदयनगरला
जेवणाच्या टेबलावर बिल लिहायला बसले.
बूट, एकशेचाळीस.
स्टुडिओ, दोन तास.
पुढची ओळ: ऐकणं.
याला काय दर लावू?
त्या नर्सला निदान हजेरीपट आहे,
आत कधी गेली, बाहेर कधी आली.
मी घरी येतानाही जिन्यावर
वरच्या गोखल्यांचं दार ऐकत होते,
ते कामात धरायचं की कसं?

आई चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करते.
चाळीस वर्षं फॉल-पिको केलेली बाई.
कपाटातून तिची वही काढते,
हळदीचा डाग पडलेलं एक पान उघडते:
कुमुद. नारायणपेठ. फॉल. बारा रुपये.
आणि पुढे, वेगळ्या शाईत,
माफ.

"मावशीला? सख्ख्या बहिणीच्या नावावर आकडा लिहिलास?"

"मग? टाके मी घातले होते ना.
आधी आकडा लिहायचा,
मग वाटलं तर माफ करायचं.
आकडाच नसेल तर काय माफ केलं
ते तिलाही कळत नाही, आपल्यालाही.
आणि सगळ्यांना नाही हं.
बर्व्यांच्या सुनेच्या दारात दोनदा जाऊन
सहा रुपये आणले होते."

मी लिहिते.
ऐकणं, तीन पहाटे.
आणि पुढे आकडा,
लिहिताना कान गरम होतात.
आई वाकून बघते. "एवढे?"
मग थोडा वेळ काहीच नाही.
"बरोबर आहे."

त्यापुढची जागा मी मोकळी सोडलीय.
निहार मुलगा वाईट नाही,
त्यानंही आईच्या पाटल्या मोडल्यात म्हणे.
उद्या ठरवीन, दुसऱ्या शाईनं.

आई वही ठेवायला आत जाते.
आणि मला ऐकू येतं,
या घरात, इतकी वर्षं:
टाच टेकायला ती जरा उशीर करते.

हे कुठल्या रकान्यात लिहू,
विचारत नाही.
विचारलं तर
आकडा सांगेल.